कामाचा परवाना आणि कामाच्या जागेवरील प्रशिक्षण

वार्षिक अहवाल हाती पडला की आपण प्रथम रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि देणग्यांचे आकडे पाहता, हे आम्ही जाणतो. ते आकडे त्यांच्या जागी दिलेले आहेत. या लेखात अशा एका कामाविषयी लिहावयाचे आहे, की जे नीट पार पडले तर कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. रुग्णालयाच्या इमारतीत वर्षभर कोणते ना कोणते दुरुस्तीचे काम चालू असते. कधी वेल्डिंग करणारा कारागीर जिन्याचा कठडा जोडतो, कधी वायरमन मुख्य विद्युतफलकावर काम करतो, कधी पाण्याची टाकी धुतली जाते, कधी शौचालयाची टाकी उपसावी लागते, तर कधी प्राणवायूच्या नळीचा सांधा बदलावा लागतो. ही कामे करणारी माणसे आमच्या पगारपत्रकावर नसतात. गुत्तेदाराने पाठविलेली टोळी सकाळी हिंगोली, सेनगाव किंवा रिसोडहून पुसेगावात येते आणि सायंकाळी परत जाते. ज्या भिंतीला ती छिद्र पाडते त्या भिंतीपलीकडे मात्र आपला रुग्ण झोपलेला असतो.

अशा कामांसाठी मोठ्या कारखान्यांत, तेलशुद्धीकरण प्रकल्पांत व वीजनिर्मिती केंद्रांत ‘काम-परवाना’ नावाची पद्धत फार वर्षांपासून रूढ आहे. काम कोणते, कोठे, कोण करणार, किती वाजेपर्यंत, त्यासाठी काय बंद केले, काय तपासले आणि शेजारी लक्ष ठेवण्यास कोण उभा राहणार, हे एका कागदावर लिहावयाचे. जागेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो आणि प्रत्यक्ष काम करणारा, अशा दोघांनी त्यावर सही करावयाची. काम संपले की त्याच दोघांनी जागा पाहून तो कागद बंद करावयाचा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने टाकी, खड्डा, मोठी नळी अशा कोंदट जागांविषयी हेच बंधन घातले होते. जाणकार व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, किंवा आत जाणाऱ्याने श्वसनाचे साधन लावून कमरेला पट्टा बांधावा आणि त्या पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने हाती धरावे, असे ते कलम होते. रुग्णालय हा कारखाना नव्हे. परंतु टाकीतील वायू दोन्हीकडे सारखाच असतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. यंत्रांशी आमचा संबंध बहुधा बिले मंजूर करण्यापुरता येतो. तरीही परवान्याचे तत्त्व आम्हांस लगेच उमगले, कारण ते रोखपालाच्या खोलीतलेच आहे. व्हाउचर करणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा असावा, धनादेशावर दोन सह्या असाव्यात, सायंकाळी रोकडवहीची शिल्लक मोजूनच तिजोरी बंद करावी, हे आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. उघडा राहिलेला परवाना म्हणजे न जुळलेली शिल्लक. कोरा धनादेश सही करून टेबलाच्या खणात ठेवणाऱ्यास आपण बेजबाबदार म्हणतो. कोऱ्या परवान्यांचे आख्खे पुस्तक सकाळीच सही करून ठेवणारा याहून मोठी जोखीम पत्करतो, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर.

परमिट हा शब्द आपल्या भागातील शेतकऱ्यासही परका नाही. खांबावर चढण्यापूर्वी लाईनमन उपकेंद्रातील यंत्रचालकाकडे परमिट मागतो. यंत्रचालक त्या फीडरचा पुरवठा बंद करतो, स्विच खरोखर उघडला गेल्याची खात्री करतो आणि वहीत नाव व वेळ नोंदवितो. लाईनमनने जागेवर पुन्हा तारेत वीज नसल्याचे तपासावयाचे, कामाच्या दोन्ही बाजूंस तारा जमिनीशी जोडावयाच्या आणि मगच हात लावावयाचा. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करावयाचे. दुसऱ्या कोणाच्या निरोपावरून लाईन चालू करावयाची नाही. इतके स्पष्ट नियम असूनही लाईनमन दगावल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. या अपघातांच्या वाटा बहुतेक ठरलेल्या आहेत. परमिट फोनवर मागितले जाते व फीडरच्या नावात गफलत होते. एकाच खांबावर दोन वेगळ्या लाईन असतात आणि बंद एकच झालेली असते. घाईत तारा जमिनीशी जोडावयाच्या राहतात. किंवा कोणाच्या तरी आवारातील जनित्रातून वीज उलटी लाईनवर येते.

यांतील शेवटची वाट रुग्णालयाच्या दारातून जाते, म्हणून ती थोडी समजावून घेऊ. रस्त्यावरचे रोहित्र ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते. तेच रोहित्र खालच्या बाजूने वीज मिळाल्यास तिचे पुन्हा ११,००० व्होल्ट करते. त्यास दिशेचे भान नसते. पुरवठा गेल्यावर आपण जनित्र सुरू करतो. त्या वेळी बाहेरील पुरवठा आणि जनित्र यांना वेगळे ठेवणारा चेंजओव्हर स्विच सदोष असला, किंवा कोणी त्यास वळसा घालून तात्पुरती जोडणी केली असली, तर चार खांब पलीकडे ‘लाईन बंद आहे’ या विश्वासाने चढलेला माणूस आपल्या जनित्राच्या विजेने मरू शकतो. त्याच्या परमिटवर आपले नावही नसते. या कारणाने आमच्याकडे चेंजओव्हर स्विचवरील कोणतेही काम परवान्याशिवाय व कुलपाशिवाय होत नाही. कुलपाविषयी पुढे लिहीत आहोत.

रुग्णालयांत दुरुस्तीच्या व जोडणीच्या कामांतून काय घडू शकते, याची तीन उदाहरणे आपल्या परिचयाची असतील. १७ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत अंधेरी-मरोळ येथील कामगार विमा रुग्णालयात आग लागली. इमारतीत नूतनीकरणाचे काम चालू होते. वेल्डिंगच्या ठिणग्या तेथे रचून ठेवलेल्या रबरी मालावर पडल्याचे तपासात पुढे आले. धूर मजल्यांवर चढला आणि आठांहून अधिक जणांचे प्राण गेले. त्यांत एक तान्हे बालकही होते. मे २०१६ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात वायुवाहिन्यांच्या जोडणीत अदलाबदल झाली, प्राणवायूऐवजी भुलीचा वायू दिला गेला आणि दोन बालके दगावली. तिसरे उदाहरण नाशिकचे. २१ एप्रिल २०२१ रोजी महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात आवारातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, वाहिनीतील दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण मृत्युमुखी पडले. गळती अंगणात झाली. जीव गेले ते आतल्या खाटांवर. रुग्णालयातील प्रत्येक दुरुस्तीचे हेच वेगळेपण आहे. कारखान्यात चुकीची किंमत बहुधा काम करणाराच मोजतो. येथे ती असा माणूस मोजतो, ज्यास काम चालू आहे हेही ठाऊक नसते आणि ज्यास उठून बाहेर पळता येत नाही.

मग परवान्याचे पुस्तक छापून घेतले की झाले, असे कोणास वाटेल. छापखान्यात शंभर पानांचे दुप्रती पुस्तक अल्प खर्चात होते. परंतु केवळ पुस्तकाने काय होते, याचा सर्वांत मोठा दाखला उत्तर समुद्रातील आहे. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या पायपर अल्फा या तेल व वायूच्या मंचावर स्फोट होऊन १६७ माणसे मरण पावली. तेथे परवाना पद्धत होती. दिवसपाळीत एक पंप देखभालीसाठी काढलेला होता व त्याच्या नळीवरील सुरक्षा-झडप दुरुस्तीस नेलेली होती. झडपेच्या जागी एक तबकडी बसविलेली होती. पंपाचा कागद वेगळा होता आणि झडपेचा वेगळा. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला तेव्हा माणसांनी पहिला सुरू करावयाचे ठरविले. झडप जागेवर नाही, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. वायू तबकडीच्या कडेने निसटला आणि पेटला.

लॉर्ड कलेन यांनी १९९० मध्ये सादर केलेल्या चौकशी अहवालात या परवाना पद्धतीचे सविस्तर परीक्षण आहे. परवाना कसा चालवावा याचे रीतसर शिक्षण माणसांना दिले जात नव्हते. जो तो कामावर जुन्या सहकाऱ्याचे पाहून शिकत होता, आणि लिहिलेली पद्धत व चालू असलेली पद्धत यांत अंतर पडले होते. आमच्या मते या अहवालातील आपल्या उपयोगाचा भाग हाच. कामाच्या जागी माणूस शिकतोच. कोणी शिकवो अथवा न शिकवो. कोणी शिकविले नाही तर तो शेजाऱ्याकडून शिकतो, आणि शेजारी बहुधा आडवाट शिकवितो, कारण ती जवळची असते. ‘आजवर काही झाले नाही’ हे त्या आडवाटेचे प्रमाणपत्र असते. म्हणून टोळीस कार्यालयात बसवून व्याख्यान देण्यापेक्षा, ज्या झडपेपाशी वा ज्या फलकापाशी तिचे काम आहे तेथेच उभे राहून, काम सुरू होण्यापूर्वी, तिच्याच हातून प्रत्येक पायरी करवून घेणे, असा क्रम आम्ही स्वीकारला आहे. ही रीत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांची भरती झाली तेव्हा त्यांच्या मुकादमांना चार पायऱ्या शिकविल्या जात : शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, आणि नंतर पुन्हा येऊन पाहा. चौथी पायरी सर्वत्र गळते.

वेल्डिंगचे काम घेऊ. टोळी येते तेव्हा देखभाल विभागाचा पर्यवेक्षक परवान्याचे पुस्तक बाहेर न काढता प्रथम विचारतो, की ठिणगी कोठे कोठे जाईल? कारागीर हाताने आपल्या पायाभोवतीचे वर्तुळ दाखवितो. पर्यवेक्षक त्यास भिंतीतील नळीच्या छिद्राशी, जिन्याच्या फटीशी, खालच्या मजल्यावर गाद्यांच्या कोठीशी नेतो. परदेशी मानकांत ठिणगीसाठी सुमारे ११ मीटर, म्हणजे ३५ फुटांचे अंतर धरतात. ते अंतर कारागिराने स्वतः पावलांनी मोजावयाचे व त्यातील गादी, पुठ्ठा, स्पिरिटचा डबा स्वतः हलवावयाचा. मग अग्निशामक नळकांडे. ते आणून ठेवणे पुरेसे मानत नाही, त्याची खीळ कोठे आहे व ती कशी ओढावयाची हे मदतनीस पोराने करून दाखवावयाचे. शेवटी राखणदार. काम आटोपल्यावरही तो जागेवरच थांबतो, कारण ठिणगी कापसात धुमसत राहते व तासाभराने पेट घेते. अमेरिकेतील मानकात ही राखण पूर्वी ३० मिनिटांची होती, २०१९ मध्ये ती ६० मिनिटांची करण्यात आली. आम्ही एक तासच धरतो. गुत्तेदाराच्या दृष्टीने हा एक तास वाया जातो, आणि बहुतेक वाद याच तासावरून होतात.

प्राणवायूच्या खोलीत मुख्य अडचण अशी, की मेकॅनिकची चांगली सवयच तेथे घातक ठरते. सांधा कडक असला की हात आपोआप ग्रीसकडे जातो. दाबाखालील प्राणवायूत तेल वा ग्रीस असल्यास ते ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो; तो २३.५ टक्क्यांच्या वर गेला की साधे कापडही भराभर जळते, आणि त्या खोलीत वावरलेल्याच्या कपड्यांत तो काही काळ मुरून राहतो. म्हणून तेथून बाहेर आलेल्याने निदान पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत काढल्याशिवाय विडी पेटवावयाची नाही, हेही शिकवावे लागते. या खोलीच्या परवान्यावर तिसरी सही लागते, ती वॉर्डच्या प्रभारी सिस्टरची. प्राणवायूवर असलेल्या प्रत्येक खाटेशेजारी स्वतंत्र सिलिंडर चालू झाल्याचे पाहूनच त्या सही करतात, आणि त्यांच्या सहीपूर्वी झडपेस कोणी हात लावीत नाही. सिस्टरांनी सही नाकारली आणि काम दुसऱ्या दिवसावर गेले, असे या वर्षी घडले. त्याबद्दल आम्ही त्यांचे आभार मानले. काम संपल्यावर नळीतून बाहेर येणारा वायू प्राणवायूच आहे, हे मापकाने तपासूनच परवाना बंद होतो. इंदूरचे उदाहरण यासाठीच वर दिले.

विद्युतफलकासाठी कुलूप-चिठ्ठीची पद्धत आहे. स्विच बंद करून त्यावर काम करणारा स्वतःचे कुलूप लावतो, आपले नाव लिहिलेली चिठ्ठी अडकवितो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. चार माणसे काम करीत असतील तर चार कुलुपे. ‘एकच कुलूप लावू, किल्ली मुकादमाकडे ठेवू,’ अशी सूचना प्रत्येक टोळी करते. अशा वेळी पर्यवेक्षक मुकादमास बाजूस उभे करतो आणि टोळीतील सर्वांत लहान मुलास विचारतो, की मुकादम जेवावयास गेले व दुसऱ्या कोणी किल्ली मागितली तर तू काय करशील? उत्तर मुलाच्या तोंडून यावे लागते. मुकादमाचा मान राखून हे करावे लागते. त्यास टोळीपुढे खाली पाहावयास लावले तर पुढच्या वेळी तो ऐकण्याचे नाटक करतो. लेखी चाचणी आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. टोळ्यांत तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले असतात, हिंदी भाषक वेल्डर असतात, आणि सही करता येते पण चार ओळी वाचता येत नाहीत अशी वयस्क माणसेही असतात. परवाना मराठीत आहे, परंतु तो मोठ्याने वाचून दाखविला जातो आणि काय कळले ते ज्याच्या त्याच्या बोलीत परत सांगावयास लावले जाते.

शौचालयाच्या टाकीविषयी मात्र आमचा निर्णय निराळा आहे. आपल्याकडे तिला सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. आवारात तिच्याइतकी असुरक्षित जागा दुसरी नाही. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे अशी टाकी साफ करताना पाच जण गुदमरून मरण पावले. कुजक्या अंड्यासारख्या वासाचा जो वायू तेथे असतो, तो प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस उतरतो. वर असलेला भाऊबंद त्यास पडलेला पाहून मागोमाग उडी घेतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नमूद केले होते, की कोंदट जागेतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवावयास गेलेले असतात. सेप्टिक टँकची असुरक्षित सफाई माणसाकडून करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या अपराधासही दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या परवान्याच्या पुस्तकात या टाकीत उतरण्याचा नमुनाच नाही. उपसा यंत्राच्या टँकरनेच होतो. पावसाळ्यात टाकी तुंबली आणि टँकर वेळेवर मिळाला नाही, तर शौचालय बंद ठेवून रुग्णांना दुसऱ्या मजल्यावर पाठविले जाते. त्यामुळे नातेवाइकांची गैरसोय होते व तक्रारवहीत नोंदीही होतात. त्या नोंदी आम्हांस मान्य आहेत. या टाकीसंबंधीचे प्रशिक्षण एकाच गोष्टीचे आहे : आत कोणी पडलेला दिसला तर उतरावयाचे नाही, आरडाओरड करावयाची आणि अग्निशमन दलास बोलवावयाचे. सांगण्यास सोपे आहे. खाली सख्खा भाऊ पडला असता वर थांबणे किती कठीण, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणूनच ते आधी बोलावे लागते.

खर्चाचा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत रास्तपणे विचारला गेला. प्रत्येक धोक्याच्या कामास सुरुवातीचा सुमारे अर्धा तास व शेवटची राखण धरून मजुरी वाढते; गुत्तेदार ती दरात लावतो. आम्ही निविदेतच या वेळेचा स्वतंत्र दर मागतो. तो दरात दडला की टोळी तो वेळ वाचविण्याचा प्रयत्न करते, आणि स्वतंत्र मोजला की वाचवून तिचा काही फायदा राहत नाही. हिशेबाची एवढी युक्ती आम्हांस या प्रशिक्षणात भर घालता आली. या पद्धतीने किती अपघात टळले, असेही आम्हांस विचारण्यात आले. न घडलेल्या गोष्टीची पावती फाडता येत नाही. आम्ही दाखवू शकतो ते एवढेच, की किती परवाने उघडले, किती बंद झाले, आणि न जुळलेला एकही कागद दिवसाअखेर राहिला का. ती वही कार्यालयात कोणाही देणगीदारास पाहता येईल.

रुग्णांच्या नातेवाइकांस एक विनंती आहे. वॉर्डातील एखाद्या फलकावर कुलूप व चिठ्ठी दिसल्यास ‘पंखा बंद आहे, तेवढा चालू करा’ असा आग्रह शिपायास अथवा वायरमनला करू नये; कुलूप ज्याचे त्याच्याखेरीज ते कोणासही, आम्हांसही, उघडता येत नाही. फलकावरील चिठ्ठीत काम संपण्याची वेळ लिहिलेली असते. प्राणवायूच्या खोलीच्या भिंतीलगत स्टोव्ह पेटविणे वा विडी ओढणे पूर्ण बंद आहे. स्वयंपाकासाठी आवाराच्या मागील बाजूस पत्र्याची शेड आहे.

कुलुपे, चिठ्ठ्या, वायुमापक व परवान्याची छपाई यांचा खर्च या वर्षीपासून ‘दुरुस्ती व देखभाल’ या खात्यातून वेगळा काढून स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला आहे. प्रशिक्षणाच्या वेळेची मजुरीही त्याच शीर्षाखाली असून तपशील परिशिष्टात जोडला आहे.